कोलेस्ट्रॉलची गोळी आणि किडनी

एका काकांची चिठ्ठी आली आहे : "कोलेस्ट्रॉलची गोळी चालू आहे. शेजारी म्हणतात, किडनी जाईल. बंद करू का?" बदलापूरच्या लोकलमध्ये असे सल्ले फुकट मिळतात, म्हणून आधी हेच घेऊ या.

या गोळीला म्हणतात स्टॅटिन. जपानच्या अकिरा एंडो यांना पहिलं स्टॅटिन बुरशीत सापडलं. ही गोळी लिव्हरमध्ये काम करते. कोलेस्ट्रॉल तयार करणारं एक एन्झाइम ती अडवते. मग लिव्हर रक्तातलं कोलेस्ट्रॉल ओढून घेतं.

आता किडनी. किडनी अधू झालेले कितीतरी लोक डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत. त्याआधी हृदयविकारच त्यांना गाठतो. म्हणून ही गोळी दिली जाते. 'शार्प' नावाच्या अभ्यासात किडनीचे नऊ हजारांहून जास्त रुग्ण होते. २०११ साली त्याचा निकाल आला : सिम्व्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात असे मोठे झटके सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाले. किडनीचा आजार मात्र मंदावला नाही. म्हणजे गोळी हृदयाला जपते; किडनी बरी करत नाही. डायलिसिस सुरू झाल्यावर ती नव्याने सुरू करण्यात फारसा फायदा दिसलेला नाही. आधीपासून चालू असेल, तर सहसा चालू ठेवतात.

मग भीती आली कुठून? क्वचित स्नायू मोठ्या प्रमाणावर झिजतात, त्यांतलं प्रथिन रक्तात उतरतं आणि किडनीला इजा करतं. अंग खूप दुखतंय, लघवी चहासारखी गडद होतेय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत असेल तर हा धोका वाढतो, म्हणून सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. किडनी फार कमजोर असेल तर रोसुव्हास्टॅटिनचा डोस कमी ठेवतात. अटोर्व्हास्टॅटिनचा सहसा बदलावा लागत नाही.

गंमत बघा, स्टॅटिनला घाबरणारी माणसं गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून महिनोन्‌महिने खातात. किडनीला खरा त्रास त्याने होतो. शिवाय बेलगाम शुगर आणि बीपीने.

तर काका, गोळी मनाने बंद करू नका. क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तिथेच विचारा. चला, पुढची चिठ्ठी द्या.