संगणकावरील सामाईक दप्तर व त्याची जपणूक

शाळेचे जनरल रजिस्टर एकच असते आणि एका वेळी त्यात नोंद करणारी लेखणीही एकच असते. एक शिक्षक नोंद करीत असता दुसऱ्यास थांबावे लागते. ही अडचण नव्हे. हेच त्या रजिस्टराचे संरक्षण होय. हेच दप्तर संगणकावर ठेवले, म्हणजे दोन-तीन संगणक जोडून एकच डेटाबेस फाइल अनेकांस उघडता येते. परंतु या सोयीपायी थांबण्याचा जुना नियम सुटला, तर दप्तर बिघडण्यास एक दुपार पुरते.

एक उदाहरण घेऊ. तक्त्यात पहिलीचा पट ४२ आहे. गुरुजींनी एका संगणकावर तो वाचला, एका मुलाचा प्रवेश केला व ४३ लिहिले. त्याच वेळी बाईंनी दुसऱ्या संगणकावर ४२ हाच आकडा वाचला होता. त्यांनीही एका मुलीचा प्रवेश करून ४३ लिहिले. प्रवेश दोन झाले, पट मात्र एकानेच वाढला. दोघांपैकी कोणाचीही चूक नाही, तरी नोंद चुकली. जन्मतारखेच्या दुरुस्तीबाबत असे घडले, तर चुकीची तारीख दाखल्यावर जाईल आणि ती त्या मुलास जन्मभर निस्तरावी लागेल.

यावरील उपायास ‘लॉक’, म्हणजे कुलूप, म्हणतात. एकजण ओळ दुरुस्त करीत असता ती ओळ इतरांस बदलता येऊ नये, अशी ही व्यवस्था आहे. १९९२ साली प्रथम निघालेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या कार्यक्रमात पहिल्या माणसाने सामाईक फाइल उघडताच तिच्या शेजारी एक लहान लॉक फाइल तयार होते व शेवटच्या माणसाने काम बंद केले की ती आपोआप नाहीशी होते. ही फाइल निरुपयोगी समजून कोणी काम करीत असता पुसू नये. दोघांनी एकच ओळ बदलल्यास हा कार्यक्रम नोंद साठविताना तशी सूचनाही देतो. त्या वेळी घाईने ‘सेव्ह रेकॉर्ड’ दाबल्यास सहकाऱ्याने केलेली दुरुस्ती पुसली जाते. म्हणून आधी सहकाऱ्यास विचारावे.

पुढील नियम ध्यानात ठेवावेत.

१. तक्त्यांची फाइल एकाच मुख्य संगणकावर ठेवावी. नोंदी भरण्याचे फॉर्म वेगळ्या फाइलीत करून त्यांची एकेक प्रत प्रत्येक संगणकावर द्यावी.

२. सामाईक फाइल पेनड्राइव्हवर घरी नेऊन, तीत बदल करून, परत मूळ फाइलीवर चढवू नये. मधल्या काळात इतरांनी केलेल्या सर्व नोंदी त्यामुळे नष्ट होतात.

३. संगणक शक्यतो तारेने जोडावेत. नोंद लिहिली जात असता बिनतारी जोडणी तुटली, तर संपूर्ण फाइल बिघडू शकते. वीज जाण्याचा धोका असेल तेथे मुख्य संगणकास बॅटरीचा आधार असावा.

४. इंटरनेटवरील आपोआप प्रती जुळविणाऱ्या फोल्डरात अशी फाइल ठेवू नये. तेथे प्रत्येक संगणकावर वेगळी प्रत होते, व एका प्रतीवरील कुलूप दुसऱ्या प्रतीस ठाऊक नसते.

५. सर्वांनी फाइल बंद केल्यावर रोज तिची नक्कल घ्यावी, नावात तारीख घालावी व ती दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. महिन्यातून एकदा ती नक्कल उघडून पाहावी. जी नक्कल उघडत नाही, ती नक्कल नव्हे.

वापरणारे पुष्कळ असतील, तर फाइल सामाईक न करता सर्व्हरची योजना करावी. तेथे फाइलीस हात लावणारा कार्यक्रम एकच असतो; इतर केवळ आपली मागणी त्याजकडे पाठवितात. यू-डायस प्लसवर माहिती भरताना आपण हेच करतो. कोठीच्या किल्ल्या सर्वांस न देता कोठीवाल्याकडे जिन्नस मागावा, तसे हे आहे.

सारांश, यंत्र बदलले तरी दप्तराचा धर्म बदललेला नाही. कोणी, केव्हा व काय लिहावे हे शाळेने आधी ठरवावे. कुलूप त्यानंतरच उपयोगी पडते. ज्या मुलांच्या नोंदी आपल्या हाती आहेत, त्यांना त्या तपासता येत नाहीत. म्हणून ती दक्षता शिक्षकांनीच घेतली पाहिजे.