घोड्याचा दम आणि घोड्याचा दमा

इंद्रायणीच्या काठचा इंदुरीचा किल्ला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो सेनापती दाभाड्यांचा. मराठी फौजेचे बळ घोडदळात होते आणि घोडदळाचे बळ घोड्याच्या दमात! पण अशा दमदार प्राण्यालाही माणसासारखा दमा होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

स्वस्थ उभा असलेला घोडा एका श्वासात सुमारे 5 लिटर हवा घेतो. भरधाव धावताना तो मिनिटाला 1,500 लिटरांहून अधिक हवा घेतो आणि तीही केवळ नाकावाटे. हवेबरोबर धूळही आत जाते. मावळातल्या दमट पावसाळ्यात नीट न वाळलेल्या गवताला बुरशी धरते. असे गवत बंद तबेल्यात झटकले की बुरशीचे बीजाणू उडतात. ते मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढे असतात. त्यामुळे ते फुप्फुसात खोलवर पोचतात.

काही घोड्यांच्या शरीराला ही धूळ शत्रू वाटते. श्वासनलिकांचे अस्तर सुजते, चिकट श्लेष्मा साठतो, भोवतालचे स्नायू आवळतात. घोडा खोकतो, नाकपुड्या फुलवतो आणि पोट आवळून श्वास बाहेर ढकलतो.

एवढे कष्ट का पडावेत? आता थोडे गणित करू. बारीक नळीतून संथ वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध नळीच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या 4 मि.मी.ची 3 मि.मी. झाली, तर विरोध सुमारे 3 पट होतो. ती निम्मी झाली, तर तब्बल 16 पट!

उपचारांतही हेच गणित कामी येते. स्नायू सैल करणारे औषध हुंगवले की काही मिनिटांत नळ्या रुंदावतात आणि घोडा मोकळा श्वास घेतो. पण श्वास मोकळा झाला म्हणजे दाह शमला, असे मात्र नव्हे. सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइड औषधांना काही दिवस लागतात. दाह पाहण्यासाठी पशुवैद्य फुप्फुसात थोडे द्रावण सोडून ते परत काढतात व त्यातील पेशी मोजतात. निरोगी घोड्यात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी 100 मध्ये 5 च्या आसपास किंवा कमी असतात. तीव्र दम्यात त्या 25 च्या वर जातात. धूळ तशीच राहिली, तर औषधाने श्वास सुधारूनही या पेशी कमी होत नाहीत, असे आढळले आहे.

म्हणून खरा उपचार तबेल्यात सुरू होतो. गवत भिजवून घालावे, बुरशीचा पेंढा अंथरू नये, घोड्याला शक्य तितके मोकळ्या हवेत ठेवावे. औषध नळी उघडते, पण ती उघडी ठेवायची तर धूळच हटवली पाहिजे.

आता तुम्ही सांगा: त्रिज्या 5 मि.मी.ची 4 मि.मी. झाली, तर विरोध किती पट वाढेल?

(उत्तर: सुमारे 2.4 पट)