शिकाऱ्यांनी पुरलेल्या टाक्या

ॲरिझोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या युमा शहरात वर्षाकाठी सरासरी ८० मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीला जुलैतल्या एखाद्या दुपारी पडून जावा, एवढाच. तोही थोडा हिवाळ्यात, थोडा जुलै-ऑगस्टात. मधले मे आणि जून कोरडे ठणठणीत, पारा चाळिशीच्या वर. या मुलखात डोंगरकड्यांवर राहणारा बिगहॉर्न नावाचा रानमेंढा तगून आहे. डोक्यावर तुरा मिरवणारा गँबेल लावा आहे, लांब कानांचं म्यूल हरीण आहे. ऐन उन्हाळ्यात त्यांच्यातले बरेचजण पाणी पितात ते माणसाने बसवलेल्या एका यंत्रातलं. सरकारी कागदपत्रांत त्याला ‘वन्यजीव जलसंचय’ छापाचं लांबलचक नाव असतं. शिकारी आणि वनरक्षक त्याला सरळ गझलर म्हणतात.

यंत्र म्हटलं खरं, पण त्याला मोटर नाही, वीज नाही, हलणारा भाग बहुधा एकही नाही. उतारावर पन्हळी पत्र्याचं किंवा सिमेंटचं एक अंगण असतं, आजूबाजूच्या मातीच्या रंगात रंगवलेलं. त्यावर पडलेला पाऊस खालच्या कडेच्या पन्हाळीत उतरतो, काटक्या-खडे अडवणाऱ्या जाळीतून पुढे जातो आणि नळाने जमिनीत पुरलेल्या फायबरग्लासच्या टाकीत पडतो. टाकीपासून काही अंतरावर उथळ कुंड असतं. टाकी आणि कुंड एकाच पातळीत बसवली, की टाकीतलं पाणी आपोआप कुंडात येतं. तोटी नको, फ्लोट नको. कुंडावर छोटं छप्पर घातलं तर बाष्पीभवन कमी होतं. कुंडाला आत उतरणारा खरखरीत उतार ठेवतात, म्हणजे आत पडलेला सरडा किंवा खार चढून बाहेर येऊ शकते. नुसत्या लाव्यांसाठी बांधलेल्या गझलरमध्ये तर टाकीच उघडी असते, तिच्यावर बुटकं छप्पर. लावे चालत आत शिरतात आणि पाणी जसजसं खाली जाईल तसतसे उतारावरून खाली उतरत जातात. गाढव किंवा गाय आत घुसू नये म्हणून तोंड मुद्दाम ठेंगणं.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दोनशे चौरस मीटरचं अंगण आणि युमाचा ८० मिलिमीटर पाऊस धरला, तर वर्षाला १६,००० लिटर. हे कागदावर. प्रत्यक्षात भुरभुर पाऊस तापलेल्या पत्र्यावरच वाळून जातो, आणि काही वर्षी ८० मिलिमीटरही पडत नाही. तेव्हा टँकर जातात. जिथे रस्ता नाही तिथे हेलिकॉप्टरने पाणी न्यावं लागतं. पावसावर चालणाऱ्या यंत्राला हेलिकॉप्टरने पाणी पुरवायचं, ही गोष्ट ॲरिझोनात आता कुणाला विचित्र वाटत नाही.

या कल्पनेचा पहिला गाजलेला नमुना कॅलिफोर्नियाचा. तिथल्या राज्य शिकार-मत्स्य विभागात काम करणाऱ्या बेन ग्लेडिंग यांनी १९४३ मध्ये, लाव्यांसाठी आपोआप भरणाऱ्या पाणवठ्याची माहिती विभागाच्या नियतकालिकात छापली. लाव्यांची शिकार तेव्हाही लोकप्रिय होती. पाणी दिलं तर लावे वाढतील आणि शिकार वाढेल, असा उघड हिशेब होता. त्यात लपवालपवी काही नव्हती. पुढे ॲरिझोना आणि नेवाडाने हेच यंत्र हरणांसाठी आणि बिगहॉर्नसाठी मोठं केलं. आज एकट्या ॲरिझोनात अशी ठिकाणं सुमारे तीन हजार मोजतात.

आपल्याकडेही उन्हाळ्यात ताडोबात वनखातं पाणवठे भरतं. फरक आहे तो पैशाचा आणि हेतूचा. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार जवळजवळ संपली. अमेरिकेत जंगली जनावर राज्याच्या ताब्यात, जमीन मात्र अनेकदा केंद्राची, आणि जनावरांवरचा बराचसा खर्च शिकाऱ्याच्या खिशातून. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली, शॉटगन आणि काडतुसांवरचा ११ टक्के अबकारी कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. त्यातून राज्यांना मंजूर कामाच्या खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंत वाटा मिळतो. मिळण्याची अट अशी, की शिकारीच्या परवान्यांची फी राज्याने दुसऱ्या कुठल्याही कामाकडे वळवायची नाही. कायद्यातलं हे वाक्य मला सगळ्यात हुशार वाटतं. रस्ते आणि शाळांना पैसे हवेच असतात. या एका अटीमुळे त्या फीवर हात टाकायची कुठल्या अर्थमंत्र्याची सहसा हिंमत होत नाही.

बिगहॉर्नच्या परवान्याची गोष्ट तर वेगळीच. ॲरिझोनात दरवर्षी शंभरच्या आसपास परवाने निघतात, अर्ज येतात हजारोंनी. सोडत निघते. नंबर लागला नाही तर पुढच्या वर्षीसाठी एक बोनस गुण जमा होतो, आणि वीस-पंचवीस वर्षं गुण साठवूनही हात हलवत बसलेली माणसं आहेत. नंबर लागून एडका मारला, की वाळवंटी बिगहॉर्नच्या सोडतीतून माणूस जन्मभरासाठी बाद. शिवाय मोजके परवाने लिलावात जातात आणि एका परवान्याला लाख डॉलरांहून जास्त बोली लागते. तो पैसा त्याच प्रजातीवर खर्च होतो. गझलर बांधायला मात्र लाखवाले येत नाहीत. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ॲरिझोना डेझर्ट बिगहॉर्न शीप सोसायटीसारख्या संस्थांचे स्वयंसेवक येतात. सुट्टीच्या दिवशी सिमेंटची पोती, पाइप आणि टाक्या डोंगरावर चढवतात. त्यांतल्या कित्येकांना बिगहॉर्नचा परवाना आयुष्यात मिळालेला नसतो.

इथवर सगळं ठीक. मग येतो कोफा.

युमाच्या ईशान्येला कोफा राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे. ‘किंग ऑफ ॲरिझोना’ नावाच्या सोन्याच्या खाणीच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. १९३६ मध्ये फ्रेडरिक रसेल बर्नहॅम यांच्या पुढाकाराने ॲरिझोनाच्या बॉय स्काउट्सनी बिगहॉर्न वाचवण्याची मोहीम काढली, आणि जानेवारी १९३९ मध्ये कोफा आणि काबेसा प्रिएटा ही दोन आश्रयस्थानं जाहीर झाली. कोफातले मेंढे पकडून ॲरिझोनात आणि शेजारच्या राज्यांत, जिथून बिगहॉर्न संपले होते तिथे सोडले गेले. एका परीने कोफा ही या जनावरांची रोपवाटिकाच होती. १९९० मध्ये संसदेने कोफाचा बहुतेक भाग ‘वाइल्डरनेस’ म्हणून राखीव केला. १९६४ च्या मूळ कायद्यानुसार अशा जमिनीत मोटारगाडी, यंत्र, बांधकाम नको. व्यवस्थापनाला अगदी आवश्यक असेल तेवढंच, कमीत कमी.

२००० मध्ये कोफात बिगहॉर्नची अंदाजित संख्या ८१२ होती. २००६ मध्ये ती ३९० वर आली. केंद्राचं वन्यजीव खातं आणि राज्याचा विभाग हडबडले. २००७ मध्ये याकी आणि मॅकफर्सन या दोन ठिकाणी वाइल्डरनेसच्या हद्दीतच यंत्रांनी खणून नव्या टाक्या पुरल्या गेल्या, प्रत्येकी सुमारे १३,००० गॅलनच्या, म्हणजे जवळपास ५०,००० लिटरच्या. ‘वाइल्डरनेस वॉच’ आणि इतर संस्था कोर्टात गेल्या. डिसेंबर २०१० मध्ये नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने निकाल दिला. बिगहॉर्न वाचवणं हा रास्त हेतू आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. पण त्यासाठी बांधकामच का आवश्यक, दुसरा उपाय का चालला नसता, हे खात्याने दाखवलेलंच नाही, असंही म्हटलं. दुसरे उपाय कोणते? पायवाटा काही काळ बंद करणं. इथले मेंढे पकडून दुसरीकडे नेणं थांबवणं. आणि शिकार थांबवणं.

शिकाऱ्यांना हा शेवटचा उपाय झोंबला. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही: परवाने मोजके, मारले जातात ते मोठे एडके, त्याने पैदास फारशी घटत नाही. संख्या घटण्यामागे दुष्काळ होता आणि प्यूमा, म्हणजे तिथले डोंगरी सिंह, होते. कोफात पूर्वी प्यूमा क्वचित दिसत. नव्या शतकात ते मुक्कामाला राहू लागले. राज्याने काहींच्या गळ्यात माग काढणारी कॉलर घातली आणि वारंवार मेंढे मारणाऱ्यांना गोळ्या घातल्या. टीकाकारांचा प्रश्न इथेच आहे. पाणी दिलं की हरणं वाढतात, हरणांमागे प्यूमा येतो, आणि प्यूमा मग मेंढ्यालाही सोडत नाही. हे कोफात तसंच घडलं असं कुणी शपथेवर सांगू शकत नाही. पण टाकी पुरली की तिच्याभोवती काय जमेल हे पुरणाऱ्याच्या हातात राहत नाही, एवढं नक्की.

पाणवठा उलटू शकतो याचा पुरावा तर कॅलिफोर्नियात मिळाला. १९९५ च्या उन्हाळ्यात मोहावी वाळवंटातल्या ओल्ड डॅड पीकजवळ किमान ४५ बिगहॉर्न मेले. गझलरमध्ये पडून बुडालेल्या कोकरांच्या कुजण्याने पाण्यात बॉट्युलिझमचं विष तयार झालं होतं. लाव्यांसाठी बांधलेल्या जुन्या टाक्यांत वाळवंटी कासवं उतरून परत चढता न आल्याने मेलेली सापडली. कुंडाचा खरखरीत उतार ही बारीकशी गोष्ट वाटते, पण तो नसला की पाणवठ्याचा सापळा होतो.

शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. काबेसा प्रिएटामध्ये संशोधकांनी मुद्दाम काही पाणवठे बंद करून बिगहॉर्नवर काय परिणाम होतो ते तपासलं. फारसा दिसला नाही. पण पाणी बंद केल्यानंतरच्या काळात पाऊस बरा झाला, त्यामुळे तो प्रयोगही निर्णायक ठरला नाही.

माझं मत विचाराल तर भांडण चुकीच्या प्रश्नावर चाललंय. वाळवंट कोरडं आहे म्हणून गझलर लागत नाही. ते हजारो वर्षं कोरडंच होतं, आणि मेंढे एका डोंगरातली खडकातली टाकी, ज्याला तिथे तिनाहा म्हणतात, आटली की दुसऱ्या डोंगराकडे किंवा नदीकडे जात होते. आता कोफाच्या उत्तरेला आंतरराज्य महामार्ग १० आहे, दक्षिणेला ८, पश्चिमेला महामार्ग ९५, आणि त्याच्या पलीकडे कोलोरॅडो नदी. भोवती लष्कराची चाचणी-भूमी. बाकीच्या वाळवंटात झऱ्यांवर गुरं, सपाटीवर कालवे, रस्त्याला कुंपणं. जनावराची पाण्याकडे जायची वाट आपण तोडली, आणि आता पाणीच त्याच्या दारात नेऊन ठेवतो. त्याचं बिल बंदूकवाला भरतो. महामार्गावरून एसी लावून जाणाऱ्याला ते येत नाही. वाइल्डरनेसवाल्यांचा युक्तिवाद मला पटतो, पण तोही या तुटलेल्या वाटेबद्दल गप्पच असतो.

शिकाऱ्यांच्या बाजूनेही एक खोट आहे, आणि ती त्यांच्याच राज्याने मान्य केली. पाणवठा एकच असला की जनावर कुठे येणार हे ठरलेलं असतं. ॲरिझोनाचा कायदा जुनाच आहे: रानातल्या जनावरांना जवळपास दुसरं पाणी नसेल, तर पाव मैलाच्या आत त्यांची वाट अडेल असा तंबू ठोकायचा नाही. पण तंबूची गरजच उरली नव्हती. जनावर आलं की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे स्वस्त झाले आणि एकेका पाणवठ्याभोवती ते डझनांनी टांगले जाऊ लागले. जून २०२१ मध्ये राज्याच्या शिकार-मत्स्य आयोगाने शिकारीसाठी असे कॅमेरे वापरण्यावर बंदी घातली, आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. विरोध करणाऱ्यांत शिकारी होते, मागणी करणाऱ्यांतही शिकारीच होते. कॅमेरे उतरले. टाक्या जागच्या जागी आहेत, आणि पाऊस कमी पडला की टँकर पुन्हा निघतात.