किशोरवयीन नैराश्य आणि औषधोपचाराचा निर्णय

किशोरवयीन नैराश्य हा पौगंडावस्थेत आढळणारा एक मनोविकार आहे. परीक्षेतील अपयश वा मैत्रीतील दुरावा यांमुळे येणारी उदासी बहुधा काही दिवसांत ओसरते. नैराश्यात मात्र ती किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतांश काळ टिकते आणि झोप, भूक, अभ्यास व नातेसंबंध यांवर परिणाम करते.

लक्षणे
या वयात दुःखापेक्षा चिडचिड अधिक ठळकपणे दिसू शकते. आवडत्या गोष्टींतील रस संपणे, एकलकोंडेपणा, सततचा थकवा, अपराधीपणाची भावना आणि मृत्यूचे विचार ही अन्य लक्षणे होत. अशा मुलास आळशी किंवा उद्धट ठरविले गेल्यास निदान लांबणीवर पडते.

कुटुंबाचा आधार
उपदेश वा इतरांशी तुलना न करता ऐकून घेणे, झोप व जेवणाची नियमितता राखणे आणि शाळेशी बोलून अभ्यासाचा भार तात्पुरता हलका करणे उपयुक्त ठरते. आत्महत्येच्या विचारांविषयी शांतपणे, थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मुलास बोलण्याची वाट मिळते.

औषधोपचार
सौम्य नैराश्यात प्रथम समुपदेशन व मानसोपचार यांचा अवलंब करतात. मध्यम वा तीव्र नैराश्यात औषधांचा विचार होतो. त्यांत फ्लुओक्सेटीन हे सामान्यतः पहिल्या पसंतीचे औषध आहे. अमेरिकेत १२ ते १७ वर्षे वयाच्या ४३९ मुलामुलींवर केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांनंतर पुढीलप्रमाणे सुधारणा आढळली: औषध व मानसोपचार एकत्रित ७१ टक्के, केवळ फ्लुओक्सेटीन ६१ टक्के, केवळ मानसोपचार ४३ टक्के आणि औषधी घटक नसलेली गोळी ३५ टक्के.

त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नैराश्यविरोधी औषधांवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. मुलांवरील चाचण्यांत आत्महत्येचे विचार वा तसे वर्तन औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी सुमारे २ टक्के मुलांत दिसले होते. त्या चाचण्यांत एकही आत्महत्या घडली नव्हती. म्हणून आरंभीच्या आठवड्यांत व मात्रा बदलताना मुलावर विशेष लक्ष ठेवावे लागते. मात्र तीव्र नैराश्य उपचाराविना राहिल्यास त्यातही जिवाचा धोका असतो.

निर्णयप्रक्रिया
विकाराची तीव्रता, पूर्वीच्या उपचारांचा परिणाम, कुटुंबातील द्विध्रुवीय विकाराचा इतिहास आणि मुलाची स्वतःची इच्छा यांचा विचार मनोविकारतज्ज्ञासह केला जातो. परिणाम दिसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. बरे वाटू लागल्यावरही औषध काही महिने चालू ठेवतात. ते परस्पर, एकाएकी बंद करू नये. भारतात मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीसाठी सामान्यतः पालक हे नामनिर्देशित प्रतिनिधी असतात.

तातडीची मदत
मुलाने जीव देण्याचा बेत बोलून दाखविल्यास त्यास एकटे सोडू नये, घरातील औषधे व कीटकनाशके कुलूपबंद करावीत आणि त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो.