उन्हाळ्यातील ऑलिंपिक अंतराची ट्रायथलॉन

ऑलिंपिक अंतराची ट्रायथलॉन म्हणजे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल चालवणे आणि १० किलोमीटर धावणे हे तीन टप्पे सलग पूर्ण करण्याची शर्यत होय. तिचे एकूण अंतर ५१.५ किलोमीटर असते. टप्प्यांच्या मध्ये विश्रांती नसते. कपडे व साधने बदलण्यास लागणारा वेळही स्पर्धकाच्या एकूण वेळेत धरला जातो. ही शर्यत प्रथमच, आणि तीही उष्ण हवामानात करू इच्छिणाऱ्याने स्पर्धेची निवड कोणत्या निकषांवर करावी, याचे विवेचन या लेखात केले आहे. अशी निवड करताना बहुतेक जण त्या दिवसाचे अपेक्षित कमाल तापमान पाहतात. वस्तुतः धावण्याचा टप्पा दिवसाच्या कोणत्या प्रहरी येईल, हा प्रश्न त्याहून अधिक महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

‘ट्रायथलॉन’ हा शब्द ‘तीन’ आणि ‘स्पर्धा’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनला आहे. या नावाची पहिली आधुनिक शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो येथील मिशन बे परिसरात झाली. हवाई बेटांवरील प्रसिद्ध ‘आयर्नमॅन’ ही दीर्घ शर्यत १९७८ साली सुरू झाली. आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा या दोन्ही घटना १९८९ साली फ्रान्समधील अ‍ॅव्हिन्यॉ येथे घडल्या. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथम समावेश झाला. ‘ऑलिंपिक अंतर’ हे नाव त्यावरून रूढ झाले असले, तरी हे अंतर त्यापूर्वीपासून प्रचलित होते.

युरोप व उत्तर अमेरिकेत तळी, नद्या आणि समुद्र उरलेल्या वर्षात फार थंड असल्याने या शर्यती प्रामुख्याने मे ते सप्टेंबर या काळात होतात. तेथे उन्हाळा टाळणे म्हणजे बव्हंशी शर्यतच टाळणे होय. महाराष्ट्र व गोव्यात परिस्थिती उलट आहे. येथे पावसाळ्यानंतरचे महिने सोयीचे मानले जातात. मात्र त्यांतील पहिलाच महिना ‘ऑक्टोबर हीट’चा असतो. गोव्यातील ‘आयर्नमॅन ७०.३’ ही स्पर्धा २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीजवळील मिरामार किनाऱ्यावर प्रथम झाली. तिचे अंतर (१.९, ९० व २१.१ किलोमीटर) ऑलिंपिक अंतराहून बरेच अधिक असले, तरी उष्णतेचा प्रश्न तेथेही तोच आहे.

ऊन, उकाडा आणि झळा

मराठीत ऊन, उकाडा आणि झळा हे तीन वेगळे शब्द आहेत आणि या विषयात हा भेद फार उपयोगी पडतो. नेहमीचा तापमापक सावलीतील हवेचे तापमान सांगतो. त्याला उन्हाचा चटका कळत नाही आणि हवेतील दमटपणाही कळत नाही. म्हणून क्रीडास्पर्धांत ‘डब्ल्यूबीजीटी’ नावाचा निर्देशांक वापरतात. १९५० च्या दशकात अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षणात उष्णतेमुळे होणारी हानी रोखण्यासाठी तो तयार करण्यात आला. त्यात तीन तापमापकांची मोजमापे एकत्र केली जातात. पहिल्याचा फुगा ओल्या कापडात गुंडाळलेला असतो, दुसरा काळ्या गोलकात बसवून उन्हात ठेवलेला असतो आणि तिसरा साधा, कोरडा असतो. त्यांना अनुक्रमे ७०, २० आणि १० टक्के महत्त्व दिले जाते. म्हणजेच सर्वाधिक भार उकाड्याला आहे, त्यानंतर उन्हाला, आणि ज्या आकड्याची वर्तमानपत्रात बातमी होते त्या हवेच्या तापमानाला केवळ एक दशांश.

याचा परिणाम अनपेक्षित असतो. कोकण किनाऱ्यावर कोरडे तापमान ३४ अंश सेल्सिअस, ओल्या फुग्याचे २८ आणि काळ्या गोलकाचे ४५ असल्याचे धरले, तर निर्देशांक ३२ येतो. विदर्भातील कोरड्या दिवशी हेच आकडे अनुक्रमे ३९, २२ आणि ५० धरले, तर निर्देशांक २९.३ येतो. तापमान पाच अंशांनी अधिक असूनही धावणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा दिवस कमी धोक्याचा ठरतो. हा निर्देशांक ३२.२ च्या वर गेल्यास अमेरिकी सैन्यात ‘काळा ध्वज’ लागतो व कष्टाचा सराव स्थगित केला जातो.

या भारवाटपाचे कारण घामाच्या कार्यात आहे. ६० किलो वजनाची व्यक्ती सपाट रस्त्यावर १० किलोमीटर धावते तेव्हा सुमारे ६०० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते आणि ती जवळजवळ सगळी अखेर उष्णतेच्या रूपाने शरीरात प्रकट होते. एक लिटर घामाचे बाष्पीभवन झाले, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. हिशेब जेमतेम जुळतो. पण तो घाम वाळला तरच. दमट हवेत घाम वाळत नाही, टपकतो. टपकलेल्या घामाने शरीरातील पाणी व मीठ कमी होते आणि गारवा मात्र मिळत नाही.

तीन टप्प्यांवर हा भार सारखा पडत नाही. पाण्यात शरीराची उष्णता सहज निघून जाते. सायकलवर ताशी २५ ते ३० किलोमीटरचा वारा स्वतःच निर्माण होतो आणि अंगावरचा घाम वाळवतो. अनेक नवशिक्यांना सायकलवर ऊन जाणवतच नाही, आणि नेमके त्यामुळे ते पाणी कमी पितात. उतरून धावू लागताच तो वारा नाहीसा होतो. शर्यतीतील सर्वांत उष्ण टप्पा असा सर्वांत शेवटी, शरीर थकलेले असताना येतो.

धावण्याचा प्रहर

अव्वल पुरुष खेळाडू हे अंतर पावणेदोन तासांच्या आसपास पूर्ण करतात. प्रथमच भाग घेणाऱ्या सर्वसाधारण स्पर्धकाला तीन ते पावणेचार तास लागू शकतात. शर्यत सकाळी ६:३० ला सुरू झाली असे धरल्यास अव्वल खेळाडू पावणेआठच्या सुमारास धावू लागतो आणि सव्वाआठला मोकळा होतो. नवशिक्याला पोहण्यास ४५ मिनिटे, सायकलला दीड तासाहून थोडा अधिक वेळ आणि दोन्ही वेळच्या बदलास दहा मिनिटे लागली, तर त्याचे धावणे नऊनंतर सुरू होते व सव्वादहा वाजेपर्यंत चालते. गटागटाने सोडण्याची पद्धत असेल आणि त्याचा गट शेवटचा असेल, तर आणखी वीस-पंचवीस मिनिटे मिळवावी लागतात. एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी दोघांनी दोन वेगळ्या हवामानांत शर्यत केलेली असते, आणि कठीण हवामान ज्याची तयारी कमी त्याच्या वाट्याला येते. स्पर्धेच्या जाहिरातीतील आरंभाची वेळ बहुधा पहिल्या गटाची असते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

घड्याळातील वेळही सर्वत्र सारखी नसते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २६ जुलै २०२१ रोजी पुरुषांची शर्यत ६:३० ला ठेवली होती. परंतु जुलैअखेरीस टोकियोत पावणेपाचच्या सुमारासच सूर्य उगवतो, त्यामुळे तोवर ऊन पावणेदोन तास चढलेले होते. गोव्यात ऑक्टोबरमध्ये सूर्योदय सव्वासहानंतर होतो. तेथील साडेसहा म्हणजे दिवसाची अगदी सुरुवात. तेव्हा दोन स्पर्धांची तुलना करताना घड्याळ बाजूला ठेवून सूर्योदयापासून तास मोजावेत. अर्थात, पोहणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी उजेड आवश्यक असल्याने गोव्यातील आयोजकांना आरंभ याहून फारसा अलीकडे आणता येत नाही.

टोकियोची कथा येथे उद्बोधक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच मार्गावर पूर्वचाचणीची शर्यत झाली, तेव्हा महिलांचे धावणे उष्णतेमुळे १० वरून ५ किलोमीटरवर आणावे लागले. जगातील उत्तम खेळाडूंसाठी जे अंतर निम्मे करावे लागले, ते नवोदिताने हट्टाने पुरे करण्यात शहाणपण नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली अडचण वेगळी होती. सीन नदीचे पाणी अशुद्ध ठरल्याने पुरुषांची शर्यत एक दिवस पुढे ढकलली गेली आणि सकाळी आठऐवजी १०:४५ ला, चढत्या उन्हात घ्यावी लागली. पाणी, पाऊस किंवा वाहतूक यांमुळे आरंभ लांबण्याची शक्यता लहान स्पर्धांतही असते आणि उन्हाळ्यात प्रत्येक तासाचा विलंब थेट धावण्यावर येतो.

पाण्याचे तापमान

उष्ण ऋतूत पोहण्याचा टप्पा सुखाचा असेल, असा समज असतो. तो सर्वस्वी खरा नाही. थंड पाण्यात वापरला जाणारा रबरी ‘वेटसूट’ उबेबरोबर तरंगण्यासही मदत करतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १.५ किलोमीटरच्या पोहण्यात पाणी २२ अंशांहून उबदार असल्यास हौशी वयोगटातील स्पर्धकांना तो वापरता येत नाही. अव्वल खेळाडूंसाठी ही मर्यादा २० अंश आहे. वेटसूटच्या आधारावर सराव केलेल्या व्यक्तीला ऐनवेळी त्याविना दीड किलोमीटर पोहावे लागणे ही गंभीर बाब ठरते. त्यामुळे मागील वर्षी त्याच आठवड्यात पाण्याचे तापमान किती होते आणि वेटसूटला परवानगी होती का, याची चौकशी नोंदणीपूर्वी करणे इष्ट असते. महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर हा प्रश्न उद्भवत नाही. पाणी बाराही महिने त्या मर्यादेच्या वर असते आणि वेटसूटविना पोहता येणे येथे गृहीतच धरावे लागते.

उष्णतेचा सराव

शरीर उष्णतेला सरावते. रोज तासभर उष्ण हवेत व्यायाम केल्यास एक ते दोन आठवड्यांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर व अधिक येऊ लागतो, त्यातील मिठाचे प्रमाण घटते आणि तेवढ्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडतात. सराव थांबल्यास हा लाभ काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून स्पर्धा अशी निवडावी, की तिच्या आधीचे किमान दोन आठवडे तशाच हवेत राहता येईल. महाबळेश्वरच्या गारव्यात तयारी करून थेट किनाऱ्यावर उतरणाऱ्याची स्थिती बिकट होते. मुंबईत राहणारा मनुष्य उष्णतेला आपोआप सरावलेला असतो, हाही भ्रमच आहे. वातानुकूलित व्यायामशाळा, वातानुकूलित कचेरी आणि पहाटे पाचचे धावणे अशी ज्याची दिनचर्या आहे, त्याचे शरीर दहाच्या उन्हाला तितकेच परके असते. त्याने आठवड्यातून दोन-तीन वेळा हळू गतीने का होईना, पण शर्यतीत ज्या प्रहरी धावावे लागणार त्याच प्रहरी धावून पाहिले पाहिजे.

पाणी किती प्यावे, याचे एकच प्रमाण सर्वांना लागू पडत नाही. तासभराच्या सरावापूर्वी व नंतर वजन करावे. घटलेल्या वजनात मधल्या काळात प्यायलेले पाणी मिळवले, की तासाचा घाम कळतो. एक किलोची घट म्हणजे स्थूलमानाने एक लिटर. याहून अधिक पिणे हितावह नाही. केवळ साधे पाणी अतिरिक्त प्रमाणात प्यायल्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. या विकाराला हायपोनेट्रेमिया म्हणतात आणि तो रमतगमत, प्रत्येक टेबलापाशी थांबून जाणाऱ्यांत अधिक आढळतो.

मार्ग व व्यवस्था

धावण्याचा मार्ग लहान फेऱ्यांचा असेल तर पाण्याचे ठिकाण वारंवार येते आणि कोणी कोलमडल्यास चटकन दिसते. एकाच लांब, उघड्या डांबरी रस्त्यावरचा मार्ग नकाशात आकर्षक दिसतो. उन्हात तो टाळलेला बरा. सावली, पाण्याच्या ठिकाणांतील अंतर, बर्फाची सोय आणि प्रत्येक टप्प्याची अंतिम मुदत यांची माहिती आयोजकांकडून मागवावी. मुदत तुटपुंजी असेल तर नवशिक्या उन्हात वेग कमी करण्याऐवजी वाढवतो. त्याच दिवशी ७५० मीटर, २० व ५ किलोमीटरची ‘स्प्रिंट’ शर्यत असेल आणि ऐनवेळी तिच्यात बदलून जाण्याची मुभा असेल, तर ती स्पर्धा पहिल्या प्रयत्नासाठी विशेष योग्य होय.

उष्माघात

सप्टेंबर २०१६ मध्ये मेक्सिकोतील कोझुमेल येथे ब्रिटनचा जॉनी ब्राउनली आघाडीवर असताना, अंतिम रेषा काही शे मीटरवर आली असता भेलकांडू लागला. मागून आलेला त्याचा भाऊ अ‍ॅलिस्टर याने त्याला आधार देऊन रेषेपर्यंत नेले. दरम्यान दक्षिण आफ्रिकेचा हेन्री स्कूमन पुढे निघून विजयी झाला. उष्णतेने घायाळ झालेल्याला आपली अवस्था बहुधा कळत नाही, हे त्या दृश्यातून जगाने पाहिले.

श्रमजन्य उष्माघातात शरीराच्या आतील तापमान सामान्यतः ४० अंशांच्या वर जाते व मेंदूचे कार्य बिघडते. असंबद्ध बोलणे, चिडचिड, तोल जाणे आणि शुद्ध हरपणे ही त्याची लक्षणे होत. अंग घामाने ओले असले, तरी उष्माघात नाही असे समजता येत नाही. अशा व्यक्तीला बर्फाच्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बुडवून, डोके वर धरून, पहिल्या अर्ध्या तासाच्या आत थंड करणे हा सर्वांत परिणामकारक उपचार आहे. तशी सोय व डॉक्टर जागेवर असल्यास रुग्णाला आधी थंड करतात आणि मगच रुग्णालयात हलवतात. टब नसल्यास सावलीत नेऊन अंगावर सतत गार पाणी ओतणे, बर्फाच्या पाण्यात भिजवलेली कापडे बदलत राहणे व वारा घालणे हे उपाय तत्काळ सुरू करून त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली जाते. शुद्धीवर नसलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घातले जात नाही.