करंट ठरवतो रॉड

कळंबोलीचा पोलाद बाजार आणि तळोज्याची एमआयडीसी, दोन्ही पनवेल महापालिकेच्या हद्दीत. जाड प्लेट, आय-बीम, चॅनल यांची खरेदी-विक्री आणि जोडकाम इतकं जवळ असलेल्या या पट्ट्यात वेल्डिंगबद्दलची एक समजूत तपासून पाहण्यासारखी आहे: प्लेट जाड, तर करंट जास्त. ती अर्धीच खरी आहे. करंटची मर्यादा रॉडच्या जाडीवरून ठरते. प्लेटची जाडी ठरवते ते रॉड कोणता घ्यायचा, पास, म्हणजे टाक्याचे थर, किती मारायचे आणि प्लेट आधी तापवायची की नाही. ७०१८ जातीचा ३.१५ मिलिमीटरचा, म्हणजे दहा नंबरचा रॉड साधारण १०० ते १४० अँपिअरवर चालतो. ४ मिलिमीटरचा, म्हणजे आठ नंबरचा, १४० ते १९०वर. दहा नंबरला १८० अँपिअर दिले तर रॉडच लाल होतो, फ्लक्स जळतो आणि टाक्याच्या कडेला अंडरकट, म्हणजे चर, पडतो. उलट करंट कमी पडला तर रॉड चिकटतो, स्लॅग आत अडकतो आणि वरून भरीव दिसणारा टाका मुळाशी प्लेटला धरतच नाही.

यावर कोणी म्हणेल, जाड प्लेट उष्णता ओढून घेते, मग करंट वाढवायला नको? वाढवावा, पण रॉडच्या मर्यादेत. तेवढ्याने भागत नसेल तर जाड रॉड घ्यावा किंवा प्लेट टॉर्चने आधी तापवावी. मग सगळं काम ५ मिलिमीटरच्या रॉडनेच का उरकू नये? वेळ वाचतो हे खरं. पण व्ही-खाचेच्या तळाशी एवढा जाड रॉड नीट पोचत नाही, आणि उभ्या किंवा डोक्यावरच्या कामात वितळलेला धातू खाली ओघळतो. म्हणून रूटला, म्हणजे तळाच्या पहिल्या पासला, बारीक रॉड आणि आडव्या ठेवलेल्या प्लेटवर पुढच्या भरणीला जाड, ही विभागणीच शहाणपणाची.

तिसरा आक्षेप जुन्या कारागिरांचा: आकडे कशाला, आर्कचा आवाज सांगतोच की. सांगतो, आणि त्याला मान द्यायलाच हवा. केबल लांब असली की मशीनवरच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष करंट कमी पडू शकतो, आणि अनुभवी कान ते लगेच ओळखतो. पण कानाला हायड्रोजन ऐकू येत नाही. कोकणातल्या पावसाळी हवेत उघडा राहिलेला ७०१८ ओल धरतो. त्या ओलीतला हायड्रोजन टाक्यात शिरतो, आणि लवकर थंड होऊन कडक झालेल्या जाड प्लेटमध्ये काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही, तडा जातो. तोवर काम पास होऊन गेलेलं असतं. असा रॉड कंपनीच्या सूचनेप्रमाणे, साधारण ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून गरम पेटीतच ठेवावा लागतो. तेव्हा जड काम कोणाला द्यायचं हे ठरवताना मशीन किती अँपिअरची आहे हे मागाहून विचारावं. रॉड भाजायची भट्टी आहे का आणि ती रोज पेटते का, हे आधी.