विहिरीवरील डीझेल एंजिन व झडपांची फट

ऊंस उभा, विहिरीस पाणी भरपूर, आणि ऐन चैत्रांत एंजिन बंद, असा प्रसंग आमच्यावर एकदां आला. त्यापूर्वीं महिनाभर एंजिन नेहमींपेक्षां शांत चालत होतें व आम्ही त्याबद्दल समाधानच मानीत होतों. मग एके सकाळीं तें सुरू होईना. हँडल फिरवितांना हातास जो जोराचा अटकाव लागावयास पाहिजे, तो लागेना. डोकें उतरवून पाहतां धूर सोडणाऱ्या झडपेची कड एका बाजूस जळून गेलेली आढळली. नवी झडप व तिची बैठक घासण्याची मजुरी यांपेक्षां नऊ दिवस तहानलेल्या उंसाचें नुकसान अधिक झालें.

याचें कारण पुढीलप्रमाणें होय. डीझेल एंजिनांत ठिणगी नसते. सिलिंडरांतील हवा दाबून मूळच्या सुमारें सोळाव्या-सतराव्या हिश्श्यांत आणली म्हणजे ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि तींत नोझलमधून तेलाचा फवारा सोडतांच तेल पेट घेतें. तेव्हां सगळें काम दाब टिकण्यावर अवलंबून आहे, व दाब टिकणें झडपा आपल्या बैठकीवर घट्ट बसण्यावर. झडप उघडण्याचें काम रॉकर करतो. एंजिन थंड असतां रॉकरचें टोंक व झडपेची दांडी यांमध्यें थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. कारण पोलाद तापलें कीं वाढतें. १०० मिलिमीटर लांबीची पोलादी कांब १०० अंशांनीं तापली तर सुमारें ०.१२ मिलिमीटर वाढते. फट अपुरी असली तर वाढलेली दांडी रॉकरला टेंकते, झडप पुरती मिटत नाहीं, आणि त्या चिरेंतून जळता वायू निसटूं लागतो. शिवाय झडपेची उष्णता मुख्यतः बैठकीच्या स्पर्शानेंच बाहेर जाते; तो स्पर्शच तुटल्यावर झडप जळणार नाहीं तर काय होईल?

आतां आमच्या एंजिनाच्या शांतपणाचा उलगडा होईल. झडप व बैठक झिजत गेली म्हणजे झडप डोक्यांत खोल बसते, तिची दांडी रॉकरकडे सरकते व फट मिटत जाते. त्याबरोबर टॅपेटची टिकटिकही कमी होते. उलट रॉकर व पुशरॉड झिजले तर फट वाढते, आवाज वाढतो, झडप कमी उघडते आणि जोर कांहींसा घटतो. हेंही चांगलें नव्हे, परंतु हा दोष निदान ऐकूं येतो. कित्येक मिस्त्री गिऱ्हाइकास बरें वाटावें म्हणून टॅपेट आंवळून आवाज बंद करून देतात. तसल्या दुरुस्तीस पैसे देऊं नयेत.

फट पाहण्याचें काम घरीं करतां येतें. पान्हा, स्क्रूड्रायव्हर व फीलर गेज नांवाच्या पातळ पोलादी पट्ट्या एवढें साहित्य पुरे. एंजिन पूर्ण थंड असावें व तेलाचा दांडा बंदवर ठेवावा. डोक्याचे नट आंवळावयाचे असल्यास पुस्तिकेंतील क्रमानें आधीं आंवळावे, कारण त्यानें फट बदलते. नंतर चाक चालण्याच्या दिशेनें हातानें फिरवावें. हवेची झडप उघडून मिटली, कीं पुढें चाकावरील खूण येईपर्यंत न्यावें. येथें पुष्कळजण फसतात. एका चक्रांत चाकाचे दोन फेरे होत असल्यानें खूण दोनदां येते, व एका वेळीं दोन्ही झडपा किंचित् दाबलेल्या असतात. दोन्ही रॉकर बोटांनीं हलतील तीच खूण खरी. डीकॉम्प्रेशनचा दांडा ज्यांत आहे, त्यांत तो खालीं टाकून मगच माप घ्यावें. नाहीं तर त्यानेंच झडप दाबून धरलेली असते.

पुस्तिकेंत दिलेल्या मापाची पट्टी फटींतून किंचित् ओढ लागून सरकावी. लॉकनट आंवळतांना स्क्रू हमखास फिरतो, म्हणून आंवळल्यावर पुन्हां मोजावें. रॉकरच्या टोंकास खळगा पडला असेल तर पट्टी खळग्याच्या कडांवर टेंकते व खरी फट मापापेक्षां जास्त राहते. असा रॉकर घासून सारखा करून घ्यावा. अनेक सिलिंडरांच्या एंजिनांत प्रत्येकाची पाळी याच रीतीनें घ्यावी.

तेलाच्या नळींत हवा शिरली असतां फिल्टरवरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहूं द्यावें. नोझल काढून फवारा पाहतांना मात्र हात पुढें कधींहि धरूं नये. तो फवारा कातडी भेदून आंत शिरतो व जखम लहान दिसली तरी बोट जाण्याची वेळ येते. पट्टा अंगठ्यानें दाबून पाहावा, फार ताणूं नये. बेअरिंग त्यानेंच जातात.

गव्हर्नरची स्प्रिंग ताणून वेग वाढविण्याचा मोह कित्येकांस होतो. सेंट्रिफ्यूगल पंपास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. वेग दहा टक्के वाढवितांच एंजिनावर सुमारें तेहतीस टक्के अधिक भार पडतो. एंजिनावर जनित्र जोडलें असेल तर वेगास मुळींच हात लावूं नये, कारण चार ध्रुवांच्या जनित्रास ५० आवर्तनांची वीज देण्यास मिनिटास १५०० फेरेच लागतात.

जहाजावरील जनित्राचें एंजिन याच तत्त्वावर चालतें. भर समुद्रांत मिस्त्री बोलावतां येत नसल्यानें तेथें चाललेल्या तासांची वही ठेवतात. आम्हीहि आतां पंपाच्या खोलींत खिळ्यास वही टांगली आहे. पुष्कळ लहान एंजिनांच्या पुस्तिकांत २५० तासांनीं फट तपासण्यास सांगितलेलें असतें; रोज आठ तास पाणी उपसणाऱ्यास हे तास महिन्याभरांतच भरतात. प्रत्येक वेळीं पट्टी लावण्यापूर्वीं जी फट सांपडेल तीहि लिहावी. ती दर खेपेस कमी होत चालली असेल, तर हंगाम संपतांच डोकें उतरवून बैठक पाहून घ्यावी.